काबरीचा बाप कोण?

मांजराचं पिल्लू घरात आलं की आठवडाभरात घरचे, शेजारचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे नातेवाईक मिळून त्याचं गोत्र शोधायला बसतात. अंगावर ठिपके दिसले की ‘बेंगॉल मिक्स’. केस जरा फुललेले असले की ‘पर्शियन क्रॉस’. करडं असलं तर ‘रशियन ब्लू’, काळंकुळकुळीत असलं तर ‘बॉम्बे कॅट’. कपाळावर इंग्रजी एमसारखी खूण असेल तर कुणीतरी मेन कूनचंही नाव घेतं. पिल्लू विकायला बसलेला माणूस यातलं सर्वांत महागडं नाव उचलतो, हे सांगायला नकोच.

गंमत अशी, की पिल्लाच्या अंगावर खरोखरच बरंच काही लिहिलेलं असतं. आईने काय दिलं, बापाने काय दिलं, एका खेपेच्या पिल्लांचा बाप एकच की दोन, हे काही वेळा अगदी ठामपणे सांगता येतं. जात मात्र त्यात लिहिलेली नसते. कारण गल्लीतल्या मांजराला जात अशी कधी नव्हतीच.

‘मिश्र जातीचं’ हा शब्द आपण कुत्र्यांवरून उचलला. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डचं पिल्लू झालं तर ते दोन जातींचं मिश्रण, हे बरोबर. मांजरांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. माणूस आणि मांजर यांची सोबत जुनी. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं आहे. पण एवढ्या काळात मांजरांची लग्नं कुणी जुळवली नाहीत. उंदीर मारले की मांजराचं काम झालं, रात्री ते कुठे जातं याची चौकशी नव्हती. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन विअर या चित्रकाराने १३ जुलै १८७१ रोजी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि तिथून पुढे ‘ब्रीड’ ही गोष्ट रुजली. म्हणजे बहुतेक जातींचं वय दीडशे वर्षांच्या आतलं. आणि त्या जाती बनल्या कशा? कुणालातरी गल्लीतल्या, गोदीतल्या, देवळातल्या मांजराचा रंग आवडला, त्याने तशीच मांजरं निवडून त्यांचा वंश वाढवला. करडा रंग आधी गल्लीत होता, रशियन ब्लू नंतर झाली. त्यामुळे गल्लीतल्या करड्या पिल्लाच्या अंगात रशियन रक्त शोधणं म्हणजे आजीला नातीच्या नाकावरून ओळखणं झालं.

तर जात बाजूला ठेवू आणि रंग वाचू.

पिल्लू उन्हात घ्या, पाठीवरचे केस बोटाने उलट्या दिशेला सरकवा आणि एकच केस नीट पाहा. करड्या-पट्टेरी पिल्लाचा केस एकरंगी नसतो. मुळाशी करडा, मग पिवळसर, मग काळा, पुन्हा पिवळसर आणि टोकाला काळा, असे त्यावर आडवे टप्पे असतात. केस वाढत असताना रंग बनवणाऱ्या पेशी काळं आणि पिवळं रंगद्रव्य आळीपाळीने सोडतात. ही आळीपाळी सांभाळणाऱ्या जनुकाला अगूटी म्हणतात. अंगावरच्या गडद पट्ट्यात केस जवळजवळ पूर्ण काळे असतात आणि मधल्या फिकट जागेत असे टप्प्याटप्प्यांचे. त्यातूनच पट्टा दिसतो.

या जनुकातली दोन अक्षरं गळाली तर ही आळीपाळी थांबते. केस मुळापासून टोकापर्यंत काळा होतो. असं बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलं तरच पिल्लू काळं होतं. पण पट्टे पुसले जात नाहीत, झाकले जातात. काळं पिल्लू तिरप्या उन्हात धरा. दंडांवर, शेपटीवर सावलीसारख्या रेघा दिसतात. वय वाढतं तशा त्या विरतात. प्रत्येक मांजर मुळात पट्टेरीच असतं, असं मांजरांचे अभ्यासक म्हणतात ते याच अर्थाने. कपाळावरचा एम हा त्या पट्ट्यांचाच भाग आहे. तो प्रत्येक पट्टेरी मांजराला असतो आणि मेन कूनशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पट्ट्यांचे नमुने मोजके. पहिला आणि सर्वांत जुना म्हणजे बांगड्याच्या पाठीवर असतात तशा बारीक उभ्या रेघा. जगभरचे मांजरवाले या नमुन्याला त्याच माशाच्या नावाने ओळखतात. पाळीव मांजरांचा पूर्वज असलेलं आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर असंच दिसतं. या रेघा तुटून ठिपके झाले की ठिपकेदार मांजर. आपल्याकडे अशी मांजरं ढिगाने आहेत, आणि म्हणूनच प्रत्येक दुसऱ्या ठिपकेदार पिल्लाला बेंगॉल म्हणणं हास्यास्पद आहे. बेंगॉल ही जात अमेरिकेत जीन मिल या बाईंनी आशियाई बिबट्या-मांजर आणि पाळीव मांजर यांच्या संकरातून घडवली. पहिला संकर १९६० च्या दशकातला, जात आकाराला आली ती १९८० च्या दशकात. त्या मांजराच्या अंगावर बऱ्याचदा साधे ठिपके नसतात, आत फिकट आणि कडेला गडद अशी बिबट्यासारखी फुलं असतात. भाजी मंडईमागच्या मांजरीला तिथून वारसा मिळण्याचा मार्ग मला तरी दिसत नाही.

दुसरा नमुना भोवऱ्याचा. कुशीवर जाड, वळलेले पट्टे आणि मध्ये डोळ्यासारखा गोल. याचं जनुक २०१२ मध्ये सापडलं, आणि आफ्रिकेतल्या ‘किंग चीता’ या जाड पट्ट्यांच्या चित्त्यातही त्याच जनुकात बिघाड निघाला. २०१७ मध्ये दोनशेहून अधिक प्राचीन मांजरांच्या अवशेषांचा डीएनए तपासण्यात आला. त्यात भोवऱ्याचा नमुना सर्वांत आधी चौदाव्या शतकातल्या ऑटोमन मुलखात दिसतो आणि अठराव्या शतकापर्यंत सर्वत्र सामान्य होतो. इजिप्तच्या चित्रांतली मांजरं साध्या पट्ट्यांची आहेत, ती उगाच नाही. अमेरिकी संशोधक नील टॉड यांनी १९७७ मध्ये मांजरांच्या रंगांचे नकाशे आणि व्यापाराचे मार्ग एकमेकांवर ठेवून पाहिले होते. भोवऱ्याच्या नमुन्याचं प्रमाण ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिशांनी वसवलेल्या मुलखात भरपूर, आशियात कमी. त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात भोवरेवालं पिल्लू दिसलं, तर पूर्वजांत कुठेतरी युरोपी वळण आहे असा अंदाज करायला थोडी जागा आहे. थोडीच.

तिसरा नमुना आपल्या जास्त जवळचा. अंगावर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. सगळी पाठ सशासारखी भुरकी, कारण प्रत्येक केस टप्प्याटप्प्यांचा. कपाळावर एम, पायांवर आणि शेपटीवर पुसट कडी. हे जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलं तर पायांवरचे पट्टे राहतात, दोघांकडून आलं तर तेही जवळजवळ जातात. हे जनुक २०२१ मध्ये ओळखलं गेलं. किनारपट्टीच्या गावांत अशी भुरकी मांजरं फिरताना पाहून कुणी ‘अ‍ॅबिसिनियन मिक्स आहे’ म्हणालं, तर त्याला थांबवून एक गोष्ट सांगावी.

अ‍ॅबिसिनियन जातीची प्रचलित कथा अशी: १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया युद्धानंतर एका इंग्रज कप्तानाच्या पत्नीकडे ‘झुला’ नावाची मांजरी आली, तिच्यापासून इंग्लंडमध्ये जात सुरू झाली. त्या युद्धाला गेलेली फौज मुंबईहून निघाली होती, मुंबई सैन्याचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली. दुसरीकडे, हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात पेंढा भरलेलं असंच एक भुरकं मांजर आहे. ते १८३० च्या दशकातलं, म्हणजे झुलाच्या आधीचं, आणि त्याच्या चिठ्ठीवर मूळ देश म्हणून हिंदुस्थानचं नाव आहे. पुढे जनुकांच्या तपासणीतही या जातीचं नातं इथिओपियापेक्षा, म्हणजे जुन्या अ‍ॅबिसिनियापेक्षा, हिंदी महासागराच्या किनाऱ्यांशी जुळलं. तेव्हा रत्नागिरीच्या जेटीवरचं भुरकं मांजर अ‍ॅबिसिनियनसारखं दिसत असेल, तर उसनवारी कुणी कुणाकडून केली हे नीट पाहावं.

आता केशरी रंग. इथे पिल्लाचा रंग खरोखर बापाचं नाव सांगतो.

केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला एक्स एकच, तो आईकडून आलेला. भाटीला दोन, एक आईचा आणि एक बापाचा. म्हणून बोका एकतर केशरी असतो किंवा नसतो. भाटीच्या दोन एक्सवर दोन वेगळे रंग असू शकतात, आणि तसे असले की ती काळी-केशरी मिसळीची होते. जोडीला पांढरा असेल तर तीनरंगी, आपली काबरी. गर्भात असतानाच भाटीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुंडाळून बंद केला जातो. ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या अभ्यासातून मांडली. बंद झालेल्या एक्सचा ठिपका त्याआधीच, १९४९ मध्ये, मरे बार आणि इवर्ट बर्ट्राम यांना दिसला होता, तोही मांजरीच्या मज्जापेशीत. जिथे काळ्याचा एक्स बंद तिथे केशरी ठिगळ, जिथे केशरीचा बंद तिथे काळं. कुठे कुठला बंद होईल हे नशिबावर. म्हणून दोन काबऱ्या कधी सारख्या नसतात.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, त्याचं नाव सीसी. ज्या मांजरीच्या पेशीपासून ती झाली, ती रेनबो तीनरंगी होती. सीसी मात्र पट्टेरी आणि पांढरी निघाली, केशरीचा एक ठिपका नाही. घेतलेल्या पेशीत केशरीचा एक्स आधीच बंद झालेला होता. सगळी जनुकं तीच आणि कातडी वेगळी! रंगावरून खानदान ठरवणाऱ्यांनी सीसीचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

हे केशरीचं जनुक नेमकं कोणतं, हे शंभर वर्षं सापडत नव्हतं. २०२५ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटांनी स्वतंत्रपणे ते प्रसिद्ध केलं. एक्सवरच्या एका जनुकाजवळचा सुमारे ५,१०० अक्षरांचा तुकडा गळाला की मांजर केशरी होतं.

आता हिशेब करू. समजा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये काबरी मांजरी व्यायली. पाच पिल्लं: एक केशरी बोका, एक काळा बोका, एक केशरी भाटी, एक काळी भाटी, एक काबरी. बाप म्हणून संशय दोघांवर, वॉचमनच्या केबिनजवळचा दांडगा पिवळा बोका आणि मागच्या इमारतीतला काळा.

बोक्यांकडे पाहून या बाबतीत काही कळत नाही. ‘बापासारखाच पिवळा झाला’ असं लोक कौतुकाने म्हणतात, पण मुलग्याचा केशरीपणा निव्वळ आईचा. बोकोबांचं त्यात काही नाही. भाट्या बोलतात. केशरी भाटीला दोन्ही एक्स केशरी लागतात, म्हणजे एक बापाचा. तिचा बाप केशरीच. काळ्या भाटीला केशरीचा एकही एक्स नाही, म्हणजे तिचा बाप केशरी नाही. दोघी एकाच खेपेच्या. मग बाप दोन. काबरी भाटी या दोघांपैकी कुणाचीही असू शकते. तिच्यावरून निकाल लागत नाही.

दोन बाप ही चहाडी नाही, नेहमीची गोष्ट आहे. मांजरीत बीजांड सुटतं ते समागमामुळे, आणि माजावर आलेली भाटी दोनचार दिवसांत अनेक बोक्यांना जवळ येऊ देते. त्यामुळे एका पोटातून सावत्र भावंडं जन्मणं अगदी सामान्य. ‘एक पर्शियन निघालं, बाकीची गावठी’ असं कुणी सांगितलं तर तेही अशक्य नाही, फक्त त्यामागे वेगळा हिशेब आहे. त्याकडे येतोच.

केशरी मांजरांत बोकेच जास्त का, याचं उत्तरही इथेच आहे. बोक्याला केशरीची एक प्रत पुरते, भाटीला दोन लागतात. आणि काबरा बोका? त्याला बहुतेकदा दोन एक्स आणि वर एक वाय असतो. असा प्राणी सुमारे तीन हजारांत एक, आणि तो बहुधा वंध्य. जपानी खलाशी अशा बोक्याला शुभ मानत. १९५६ मध्ये ‘सोया’ जहाजातून निघालेल्या जपानच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेत ताकेशी नावाचा तीनरंगी बोका होता. मोहिमेच्या प्रमुखाचंच नाव त्याला दिलं होतं.

करड्या रंगाचं कोडं सोपं. रंगद्रव्य केसात सारखं न पसरता गोळ्यागोळ्यांनी साठलं की काळा करडा दिसतो आणि केशरी मलईसारखा. यालाही दोन्हीकडची प्रत लागते. दोन काळ्या मांजरांना करडं पिल्लू होऊ शकतं. दोन करड्यांना काळं होऊ शकत नाही. झालं तर पुन्हा मागच्या इमारतीकडे पाहावं. तसंच, दोन काळ्यांना पट्टेरी पिल्लू होत नाही. अशा नकारातूनच रंग सर्वांत खात्रीची माहिती देतो.

काळ्या पिल्लाला ‘बॉम्बे कॅट’ म्हणण्याची हौस मुंबईत जरा जास्तच आहे. ही जात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात निकी हॉर्नर या बाईंनी १९५० च्या दशकात बर्मीज आणि काळी अमेरिकन शॉर्टहेअर यांच्यापासून तयार केली. त्यांना हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्याची छोटी आवृत्ती हवी होती, म्हणून नाव बॉम्बे. गिरगावातल्या काळ्या बोक्याचा या घराण्याशी संबंध लावायचा तर त्याच्या पूर्वजांनी केंटकीची वारी केलेली असायला हवी.

आता तो राहिलेला हिशेब. शहरांत पर्शियन मांजरं सर्रास विकली जातात; दुकानदाराच्या भाषेत ‘डॉल फेस’, ‘पंच फेस’ आणि मधले ‘सेमी पंच’. त्यातले काही बोके खिडकीतून निसटतात, काही कंटाळून सोडून दिले जातात. म्हणजे आपल्या गल्लीत एखाद्या जातीचं रक्त खरंच शिरलं असेल, तर ते बहुधा पर्शियनचं. पण लांब केसांचं जनुक अप्रभावी. आई गावठी, आखूड केसांची, आणि तिच्यात ते जनुक लपलेलं नाही, बाप शुद्ध पर्शियन, तर सगळी पिल्लं आखूड केसांची होतात. खरा अर्धा पर्शियन दिसायला गावठी असतो. लांब केस उगवतात ते पुढच्या पिढीत, दोन्ही बाजूंनी ते जनुक आलं तर. तेव्हा फुललेल्या केसांचं पिल्लू पाहून ‘बाप पर्शियन’ म्हणणारा अर्धंच सांगतो. आईकडेही तेच जनुक होतं. आणि ते गल्लीतल्या मांजरांत कुठल्याही पर्शियनशिवायही असतं.

पर्शियन वारसा पाहायचा तर केस सोडा आणि चेहरा बघा. चपटं नाक, आखूड जबडा, दूर-दूर बसलेले छोटे कान, जाड हाडाचे बुटके पाय. ही ठेवण अनेक जनुकांची मिळून होते, त्यामुळे संकरात ती मधलीअधली का होईना, दिसते. हे पाहण्यामागे हौसेपलीकडचं कारणही आहे. पर्शियन घराण्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे आणि तो प्रभावी जनुकाने येतो. एका बाजूने आला तरी पुरतो. लांब केस पहिल्या पिढीत लपतात, हा आजार लपत नाही. घरातल्या आखूड केसांच्या मांजराचा चेहरा संशयास्पद चपटा असेल, तर पशुवैद्याकडे सोनोग्राफीचा विषय काढलेला बरा. आणि शेवटी एक चिमटा: २००८ मध्ये जातिवंत आणि भटक्या मांजरांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पर्शियन मांजर इराणच्या शेजारच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपच्या मांजरांजवळ निघालं.

सयामीच्या रंगाचं जनुकही लांब केसांसारखंच लपणारं, फक्त तिचा रंग जास्त मजेशीर. रंग बनवणारं तिचं विकर उष्णतेत काम करत नाही. ऊबदार पोट-पाठ फिकट राहते. कान, नाक, पंजे, शेपूट हे थंड भाग काळपटतात. पोटातली ऊब सगळीकडे सारखी, म्हणून पिल्लं जन्मतात ती पांढरीच. शस्त्रक्रियेसाठी केस काढलेल्या जागी पुढे गडद केस उगवले म्हणून घाबरून फोन करणारे मालक असतात. तो याच विकराचा खेळ. हे जनुकही दोन्हीकडून यावं लागतं, म्हणून साध्या पट्टेरी मांजरीला अचानक एक काळ्या तोंडाचं पिल्लू झालं, तर ती स्वतः ते जनुक बाळगून होती, एवढं नक्की.

पांढऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रंगाच्या पेशी गर्भाच्या पाठीकडून खाली पसरतात. पोट, पंजे, छाती हे शेवटचे मुक्काम रिकामे राहिले की मोजे आणि बनियन दिसतात. डोक्यावर टोपी आणि रंगीत शेपूट एवढंच उरलेलं मांजर पाहून ‘टर्किश व्हॅन’ म्हणतात, पण तो पांढऱ्याचा नमुना कुठेही आढळतो.

शिवाय पिल्लं फसवतात. सहा-सात आठवड्यांपर्यंत सगळ्यांचेच डोळे निळे असतात. त्यावरून सयामी ठरवू नये. गाभण मांजरीला ताप आला किंवा मोठा ताण पडला, तर पिल्लं राखेसारख्या चंदेरी अंगाने जन्मतात आणि काही महिन्यांत खरा रंग बाहेर पडतो. अशा पिल्लांचे ‘सिल्व्हर’ म्हणून चढे भाव लावणारे बिचाऱ्या गिऱ्हाइकाला आईचा ताप विकत असतात. काळी पिल्लं उन्हात तांबूस पडतात, त्याचंही काही विशेष नाही.

गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए तपासणी करून घेता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुआनुवंशिकी प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी नमुन्याची तुलना जगातल्या वेगवेगळ्या भागांतल्या भटक्या मांजरांशी आणि जातिवंत मांजरांशी होते. भटक्या मांजराबाबत अशा तपासणीतून येणारं सर्वांत उपयोगी उत्तर म्हणजे त्याचे पूर्वज जगाच्या कोणत्या भागातल्या मांजरांशी जुळतात ते. जातीचं नाव आलं तरी ते ‘या जातीशी साम्य’ अशा अर्थाने घ्यावं.

एका ठिकाणी मात्र अंगावरच्या खुणा पाहून कूळ ओळखणं फार महत्त्वाचं ठरतं, आणि तिथे नेमकी लोकांची गल्लत होते. जुन्नर, आंबेगाव भागात ऊसतोडणी सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात. कुणी ती बिबट्याची समजून घाबरतं, कुणी गावठी समजून पिशवीत घालून घरी आणतं. त्यातली काही वाघाटीची असतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत छोट्या मार्जारांपैकी एक. पूर्ण वाढ झाली तरी वजन जेमतेम दीड किलो. करडसर-तपकिरी पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके ओळींनी, कपाळावरून मानेकडे जाणाऱ्या गडद रेघा, डोळ्यांच्या आतल्या कडेने वर गेलेल्या पांढऱ्या पट्ट्या, कान छोटे आणि गोलसर, शेपटीवर ठळक कडी नाहीत. आपल्याकडच्या रानमांजराची (हे पाळीव मांजरांच्या पूर्वजापेक्षा वेगळं) पिल्लं आणखी फसवी, कारण लहानपणी त्यांच्या अंगावर पट्टे असतात आणि मोठेपणी ते जवळजवळ जातात; पाय लांब, शेपूट आखूड, कानांच्या टोकांना काळसर केस. दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे घरी पाळणं हा गुन्हा.

शंका आली की पिल्लाला हात लावू नये, दूध पाजू नये. तोडणी त्या पट्ट्यात थांबवावी आणि वनविभागाला कळवावं. वनकर्मचारी आणि बचाव पथकं अशी पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि लांबून पाळत ठेवतात. आई जिवंत असेल तर रात्रीतून ती परत येते आणि एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. घरी नेऊन दोन दिवसांनी आणून सोडलेल्या पिल्लांच्या बाबतीत ही शक्यता झपाट्याने कमी होते, म्हणून फोन त्याच दिवशी केलेला बरा.